आक्कांचं रक्त जातं कुठं?

वडगाव निंबाळकरच्या आक्कांचं हिमोग्लोबिन वर्षभरात तीनदा सहाच्या खाली गेलं आणि तिन्ही वेळा बारामतीला नेऊन रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. तोंडातून दुर्बीण घालून झाली, खालूनही घालून झाली. जठर स्वच्छ, मोठं आतडं स्वच्छ. अल्सर नाही, गाठ नाही, मूळव्याधसुद्धा नावापुरतीच. तरी रक्त कमी होत होतं ते होतच होतं. पुढं काय करायचं यावर घरातच दोन तट पडले, आणि दोन्ही तट डॉक्टरांचेच निघाले.

अण्णा हे आक्कांचे धाकटे भाऊ. गावात त्यांचा दवाखाना. निरा-बारामती रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी इंजेक्शन दिलं नाही असं घर विरळा. दुसरी त्यांची पुतणी. पुण्यात पोटविकारांची डॉक्टर, रोज दुर्बिणीवर हात बसलेला. आक्का तिची सख्खी आत्या. कारखान्याचा हंगाम चालू होता, सोमेश्वरकडं उसाच्या ट्रॉल्या निघालेल्या आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्यांमुळं मधेमधे बोलणं थांबवावं लागत होतं. मी शेजारी म्हणून चहाला गेलो होतो आणि चहा संपल्यावरही उठलो नाही. दोघांचं बोलणं इथं मांडताना इंग्रजी शब्द जमतील तेवढे वगळले आहेत, चढलेले आवाजही थोडे खाली आणले आहेत.

पुतणी : अण्णा, आता कॅप्सूलच करायची. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला थांबते. खालून घातलेली मोठं आतडं संपवून लहान आतड्याचं शेवटचं टोक तेवढं बघते. मधलं पाच-सहा मीटर आतडं आत्याच्या बाबतीत कुणी पाहिलेलंच नाही.

अण्णा : त्यात काय असणार ते न बघता सांगतो. बहात्तरीची बाई, पोटात दुखत नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. शौच कधी काळी तर कधी नेहमीसारखी. आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झाल्यात. त्यांची भिंत इतकी पातळ असते की जरा निमित्त झालं की झिरपायला लागतात. अँजिओडिस्प्लेझिया. या वयात पहिला संशय त्याचाच.

पुतणी : संशय मलाही त्याचाच आहे. पण 'या वयात पहिला संशय' हे पाश्चात्त्य पुस्तकातलं. आपल्याकडं टीबीचे व्रण असतात, क्रोन्स असतो, अंकुशकृमी असतात, लहान आतड्याची गाठ असू शकते. आणि वेदनाशामक गोळ्यांचे व्रण. आत्या, गुडघ्यासाठी काय घेतेस?

आक्का : मेडिकलवाला देतो ती. कधीमधी.

अण्णा : कधीमधी म्हणजे किती, आक्का?

आक्का : रोज न्हाई घेत. एकादशीला न्हाई घेत.

यावर दोन्ही डॉक्टर एकमेकांकडं बघत राहिले. गोळी डायक्लोफिनॅकची निघाली. त्याखेरीज कुणीतरी कधीतरी 'हृदयासाठी चांगली' म्हणून लावून दिलेली अ‍ॅस्पिरिनही रोज रात्री चालू होती. आक्कांना कधी हार्ट अटॅक आलेला नव्हता, स्टेंट बसवलेला नव्हता. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या जठराला भोक पाडतात एवढं आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्या लहान आतड्यातही व्रण करतात, आणि जठरासाठी सोबत दिली जाणारी अ‍ॅसिडची गोळी तिथं कामाला येत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. शिवाय अ‍ॅस्पिरिनमुळं रक्तातल्या चिकट पेशी ढिल्या पडतात, म्हणजे झिरपणारी वाहिनी मिटायला आणखी वेळ लागतो. दोन्ही गोळ्या बंद करण्यावर काका-पुतणीचं एका मिनिटात एकमत झालं. त्या दुपारचं तेवढंच.

अण्णा : झालं तर मग. या दोन गोळ्या बंद. जंताचं औषध द्यायचं, चारशे मिलिग्रॅमची एक गोळी. कालव्याच्या पाण्यावर अनवाणी दारं धरण्यात हिचं आयुष्य गेलंय, अंकुशकृमी असला तर निघून जाईल. शिरेतून लोह द्यायचं आणि दर महिन्याला एचबी बघायचं. तीन महिन्यांत उत्तर मिळेल. पुण्याच्या चकरा कशाला?

पुतणी : आणि तीन महिन्यांनी गाठ निघाली तर? वजन उतरलं नाही म्हणून लहान आतड्यात गाठ नाही असं म्हणता येत नाही. अण्णा, तुम्ही रोग न बघता त्याला नाव दिलंत.

अण्णा : आणि तू बघितल्यावर विचार करायचा थांबशील. माझी भीती ती आहे.

वादाचं मूळ या दोन वाक्यांत आलं. पण मधेच आक्कांनी ती कॅप्सूल म्हणजे नेमकं काय ते विचारलं, आणि विचारायचा पहिला हक्क त्यांचाच होता.

पुतणी : व्हिटॅमिनची मोठी गोळी असते ना, तेवढीच. लांबी २६ मिलिमीटर, जाडी ११. आत कॅमेरा, दिवा, बॅटरी आणि फोटो बाहेर पाठवणारं यंत्र. पाण्याबरोबर गिळायची. कमरेला पट्टा बांधतो, त्यात फोटो साठतात. सेकंदाला दोन, काही जातींत सहासुद्धा. आठ-दहा तासांत पन्नास हजारांच्या वर फोटो. ते मी बसून बघते.

आक्का : आन मग ती गोळी परत द्यायची का?

पुतणी : नाही गं. शौचातून निघून जाते. एकदाच वापरायची.

आक्का : एवढी महागाची, आन एकदाच?

ही कॅप्सूल ज्याच्या डोक्यातून निघाली तो डॉक्टर नव्हता. गाव्रिएल इद्दान हा इस्राएली अभियंता क्षेपणास्त्रांच्या टोकावर बसवायच्या कॅमेऱ्यांवर काम करत असे. १९८१ साली बोस्टनमध्ये असताना शेजारच्या पोटविकारतज्ज्ञानं त्याला लहान आतडं दिसत नसल्याचं दुखणं सांगितलं. पुढं वीस वर्षं गेली. २००१ साली अमेरिकेनं कॅप्सूलला परवानगी दिली. एक डॉक्टर शेजाऱ्याशी गप्पा मारत बसला आणि आतड्यातलं अंधारं पाच-सहा मीटर दिसू लागलं. शेजारी म्हणून बसलेल्या मला ही गोष्ट आवडली, एवढंच.

अण्णा : ती अडकते त्याचं काय?

पुतणी : शंभरात एक-दोघांना. आतडं कुठं अरुंद झालं असेल तर. म्हणून आधी विचारते, पोट फुगतं का, जेवल्यावर पीळ पडतो का, पूर्वी टीबी झाला होता का. शंका आली तर आधी आतड्याचा सीटी. आपल्याकडं टीबीनं आतडं आवळलेली माणसं असतात, त्यांना डोळे झाकून कॅप्सूल देता येत नाही. आत्याला यातलं काही नाही.

अण्णा : आणि तिच्या लोहाच्या गोळ्या?

पुतणी : आठवडाभर आधी बंद. आतड्यात सगळं काळं होऊन बसतं, काही दिसत नाही.

इथं अण्णांचा चेहरा खुलला. गोळ्यांमुळं काळी शौच हा त्यांच्या रोजच्या दवाखान्यातला विषय.

अण्णा : हे बघ, घरोघरी हाच घोटाळा. लोहाची गोळी चालू असली की शौच काळी होतेच. मग काही जण घाबरून धावत येतात, आणि काही जण खरंच रक्त जात असताना गोळीमुळं असेल म्हणून गप्प बसतात. मी लोकांना फरक सांगतो. गोळीची शौच हिरवट काळी, बांधलेली. रक्ताची डांबरासारखी, चिकट, पाण्यानं लवकर न निघणारी, आणि वास असा की एकदा आला की विसरत नाही. आक्का, तुझी कशी?

आक्का : डांबरावानी. पर रोज न्हाई.

अण्णा : आणि डांबरासारखी व्हायलाच पन्नास-शंभर मिलिलिटर रक्त जावं लागतं. त्याहून कमी गेलं तर शौचाचा रंग बदलत नाही. रोज वीस मिलिलिटर गेलं तरी कुणाला कळायचं नाही. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे रोज दहा मिलिग्रॅम बाहेर. जेवणातून अंगी लागतं एक-दोन. गोळ्यांनी थोडं वाढतं, पण मेळ बसत नाही. म्हणून म्हणतो, शिरेतून एका वेळी हजार मिलिग्रॅम लोह द्यायचं. पंधरा-वीस मिनिटांत होतं. एका रक्ताच्या बाटलीत जेमतेम दीडशे-दोनशे मिलिग्रॅम जातं. बाटल्या चढवून वर्ष काढण्यापेक्षा लोह वेळेवर दिलं असतं तर तीनपैकी दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

पुतणी : कबूल. ते आजच सुरू करू. पण लोह भरणं म्हणजे गळती थांबवणं नव्हे.

अण्णा : बरं, तुझी गळती थांबवणं म्हणजे काय ते सांग. कॅप्सूलमध्ये लाल ठिपका दिसला. पुढं?

पुतणी : बहुतेक ठिपके लहान आतड्याच्या वरच्या भागात असतात, त्यामुळं तोंडातूनच जाता येतं. नेहमीची दुर्बीण तिथवर पोचत नाही. ढकलली तर आतड्याची वेटोळी ताणत बसते, पुढं सरकत नाही. जपानच्या यामामोतोंनी २००१ साली तोड काढली. दुर्बिणीच्या टोकाला एक फुगा आणि तिच्यावरून सरकणाऱ्या नळीला दुसरा. एक फुगवून आतडं धरायचं, दुसरा पुढं सारायचा, मग दोन्ही मागं ओढायचे. आतडं नळीवर गोळा होत जातं.

आक्का : परकराची नाडी ओवतो तसं. कापड चुण्या पडून नाडीवर गोळा होतं.

पुतणी : अगदी तस्संच, आत्या! कॉन्फरन्समध्ये मी हेच सांगणार आता.

ही उपमा ऐकून अण्णांनाही हसू आलं, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही.

अण्णा : गोळा झालं, ठिपका सापडला. आता जाळणार.

पुतणी : आर्गॉन वायूतून विजेचा झोत सोडायचा. अवजार अस्तराला टेकत नाही, वरवर भाजतं. लहान आतड्याची भिंत दोन-तीन मिलिमीटरची, म्हणून झोत हलका ठेवायचा, कधी आधी खाली सलाईन टोचून अस्तर उचलून घ्यायचं. आणि सगळे ठिपके जाळायचे नसतात. टाचणीच्या टोकाएवढा झिरपणारा ठिपका जाळता येतो. पण नाडीसारखी उडणारी, पिचकारी मारणारी धमनी असेल तर तिथं क्लिप लावायची, कारण झोतानं ती आणखी उघडेल. आणि धमनी-शिरांचा मोठा गुंता असेल तर तो रेडिओलॉजीवाल्यांनी आतून बंद करायचा किंवा सर्जननं तेवढं आतडं काढायचं. जपानी मंडळींनी याची वर्गवारीच करून ठेवलीय. त्यासाठी आधी दिसायला तर हवं!

अण्णा : जाळून झाल्यावर परत रक्त किती जणांना जातं?

पुतणी : सगळीकडचे अभ्यास एकत्र केले तर साधारण तिघांतल्या एकाला. निव्वळ लहान आतड्याचे घेतले तर शेकडा ४५ पर्यंत.

अण्णा : आणि काहीच न करता?

ती थांबली. आकडा तिला माहीत होता, फक्त अण्णांच्या तोंडून यायला नको होता, असं मला वाटलं.

अण्णा : २००१ सालची स्पेनची चाचणी. हॉर्मोनच्या गोळ्या देऊन हे रक्त थांबतं का बघितलं. गोळीवाल्यांतले ३९ टक्के परत रक्तस्रावानं आले, खोट्या गोळीवाले ४६ टक्के. हॉर्मोन बाद झाले ते ठीक. पण उलटं वाच. खोटी गोळी घेतलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांचं रक्त पुन्हा गेलंच नाही. काही न करता. तुझ्या जाळलेल्यांचं पन्नास-पंचावन्न टक्के थांबतं, त्यातलं किती तुझ्या झोतानं आणि किती आपोआप?

पुतणी : दोन वेगळ्या अभ्यासांतले आकडे असे शेजारी ठेवून भागत नाही, अण्णा. रुग्ण वेगळे. दुर्बिणीकडं येतात ते जास्त रक्त गेलेले.

अण्णा : मान्य. मग जाळलेले आणि न जाळलेले अशी मोठी, सरळ तुलना केलेली चाचणी दाखव.

पुतणी : तशी नाही. पण दुर्बिणीतून समोर रक्ताचा थेंब सुटताना दिसतो, अण्णा, आणि झोत मारल्यावर थांबतो. तो थेंब बघून हात बांधून परत यायचं?

अण्णा : सुटताना दिसला तर मार की! कोण नको म्हणतंय? न सुटणारे चार ठिपके दिसले म्हणून चारही भाजू नकोस, एवढंच.

माझं मत विचारलं नव्हतं, तरी सांगतो. कॅप्सूलबाबत पुतणी बरोबर होती. रोग न बघता त्याचं नाव पक्कं करणं हा अनुभवी डॉक्टरांचा लाडका दोष असतो, आणि अण्णा अनुभवी आहेत. पण 'दिसलं म्हणजे तेच कारण' हा धोका त्यांनी दाखवला तोही खोटा नव्हता. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या आतड्यात असे ठिपके असतात आणि आयुष्यभर गप्प असतात. मग एखाद्याचे ठिपके बोलायला लागतात ते का? हा प्रश्न अण्णांनी पुतणीला विचारला नाही. ते उठून आत गेले आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून आले.

अण्णा : ऐक.

पुतणीनं आत्याच्या छातीवर, उजव्या बाजूला दुसऱ्या फासळीखाली तबकडी ठेवली. मग मानेवर ठेवली. परत छातीवर. ट्रॉली गेली, तिनं हात वर करून आम्हाला गप्प बसवलं.

पुतणी : खरखर आहे. मानेपर्यंत जाते.

अण्णा : महाधमनीची झडप. वयानं तिच्यावर कॅल्शियम बसून अरुंद झालेली असावी. १९५८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकूव्हर गावच्या एडवर्ड हाइड नावाच्या डॉक्टरनं एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटं पत्र लिहिलं होतं. त्या झडपेचे रुग्ण पोटातून रक्त घालवत येतात, दहा वर्षांत असे दहा पाहिले, यात काही नातं आहे का? पुढं कित्येक वर्षं लोक वाद घालत राहिले.

पुतणी : नातं कळलंय आता. रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन असतं, लांबलचक साखळीचं, फॉन विलेब्रांट फॅक्टर. अरुंद झडपेतून रक्त जोरानं निघताना त्या साखळ्या ताणल्या जातात आणि तुटतात. आखूड तुकडे उरतात, त्यांना वाहत्या रक्तात भोकाला चिकटता येत नाही. शिवाय या प्रथिनाच्या कमतरतेत नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटायलाही उत्तेजन मिळतं. म्हणजे झडप दोन्ही अंगांनी भर घालते.

अण्णा : आणि झडप बदलली की बऱ्याच जणांचं पोटातलं रक्त थांबतं. आतड्याला हात न लावता. आता सांग, चार ठिपके जाळून तू तिला घरी पाठवलीस आणि झडप तशीच राहिली, तर सहा महिन्यांनी पाचवा ठिपका बोलणार की नाही?

पुतणी : इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायलाच हवी. पण सत्तरीनंतर झडप नुसती जाड झाली तरी खरखर ऐकू येते. ती खरंच इतकी अरुंद आहे का, हे स्टेथोस्कोप सांगत नाही.

अण्णा : म्हणून इको. बारामतीतच होते. आणि क्रिएटिनीन. किडनी बिघडलेल्यांचे ठिपकेही असेच बोलतात, डायलिसिसवाल्यांत किती दिसतात ते तू रोज बघतेस.

पुतणी : नाकातून घोळणा फुटतो का गं आत्या? घरात कुणाला?

आक्का : न्हाई बाई. तुझ्या आज्ज्याला तपकिरीनं यायचं तेवढं.

घोळण्याची चौकशी उगीच नव्हती. अशा रक्तवाहिन्यांचा एक आनुवंशिक आजार असतो. त्यात नाक, ओठ, जीभ, आतडं सगळीकडं लाल ठिपके येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या घोळणा फुटत राहतो. आज्ज्याच्या तपकिरीनं तो बाजूला पडला.

यानंतर बोलणं औषधांकडं वळलं, कारण ठिपके पुष्कळ असले, विखुरलेले असले, किंवा जाळूनही परत परत रक्त गेलं तर काय, हे अण्णांना हवं होतं.

पुतणी : महिन्याला एक इंजेक्शन असतं, ऑक्ट्रिओटाइड. आतड्याकडचा रक्तप्रवाह कमी करतं. नेदरलँड्समध्ये चाचणी झाली, २०२४ मध्ये छापून आली. वारंवार रक्त किंवा लोह लागणारे ६२ रुग्ण. नेहमीच्या उपचारांवर वर्षात सरासरी एकवीस वेळा रक्त-लोह द्यावं लागलं, इंजेक्शनवाल्यांना अकरा वेळा.

अण्णा : निम्मं झालं. थांबलं नाही.

पुतणी : थांबलं असं मी म्हटलेलं नाही. दुसरं औषध ऐकलंत तर उठून जाल.

अण्णा : कोणतं?

पुतणी : थॅलिडोमाइड.

अण्णा उठले नाहीत, पण खुर्ची मागं सरकली. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे शांत झोपेचं, गरोदर बायकांच्या उलट्यांवरचं औषध म्हणून विकायला आलं आणि १९६१ च्या अखेरीस तिथल्या बाजारातून काढावं लागलं. तोवर दहा हजारांच्या आसपास मुलं हातापायांची वाढ खुंटलेली जन्माला आली होती. अण्णांच्या पिढीच्या डॉक्टरांना हे नाव म्हणजे पहिल्या वर्षी मिळालेली तंबी.

अण्णा : कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनला देतात, ते मी पाहिलंय. गाठी उठतात, ताप भरतो, माणूस तळमळतो, आणि दोन दिवसांत उतरतं. तेव्हाही हातात घेताना बरं वाटायचं नाही. आतड्याला कशाला?

पुतणी : ज्या कारणानं ते गर्भाला घातक, त्यातलंच एक इथं उपयोगी. नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. आत्याच्या आतड्यातल्या त्या कच्च्या वाहिन्या वाढवणारा संदेशच दाबतं. चीनमध्ये दहा रुग्णालयांत दीडशे रुग्णांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये आली. चार महिने गोळी, मग बंद, आणि पुढचं वर्षभर मोजत बसले. रक्तस्राव निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आला असे रुग्ण शंभर मिलिग्रॅमवाल्यांत जवळपास ६९ टक्के, पन्नासवाल्यांत ५१, खोट्या गोळीत १६.

अण्णा : सोळा? स्पेनच्या हिशेबानं निम्मे आपोआप थांबायला हवे होते.

पुतणी : तेच सांगतेय मघापासून. इथं घेतलेले सगळे वर्षात चार-चारदा रक्त गेलेले. ज्यांचं एवढं जातं त्यांचं आपोआप थांबत नाही. तुमची निम्म्यांची आशा सौम्य रुग्णांची. आत्या तीनदा सहाच्या खाली गेली, ती सौम्य नाही.

हा तिचा त्या दुपारचा सर्वांत नेमका घाव होता आणि अण्णांनी तो न बोलता घेतला. मग त्यांनी थॅलिडोमाइडचे त्रास विचारले. हातापायांना मुंग्या, त्या कधी कधी कायमच्या. बद्धकोष्ठ, गुंगी, पायावर सूज. पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या आक्कांना गर्भाची भीती नाही, पण घरात सून आहे. गोळ्या घरात आल्या तर कुलपात राहतील आणि सून त्यांना हात लावणार नाही, असं अण्णांनी बजावलं. म्हणजे नको नको म्हणताना त्यांनी मनानं औषध घरात आणून ठेवलं होतं.

पुतणी : तिथवर जायची वेळ लगेच येत नाही. आधी गोळ्या बंद, लोह, इको, कॅप्सूल. क्रम हाच.

अण्णा : कॅप्सूल कधी? रक्त थांबल्यावर गेलं तर काहीच दिसत नाही, हे तूच मागं सांगितलंस.

पुतणी : काळी शौच झाल्यापासून दोन-तीन दिवसांत केली तर सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पंधरा दिवस गेले की घसरते.

अण्णा : इथून पुणे अडीच-तीन तास. हंगामात ट्रॉल्यांमागं चार. पहिला दिवस तर ही कुणाला सांगतच नाही. दुसरा दिवस पोराला गाडी मिळण्यात. तिसऱ्या दिवशी तू सुट्टीवर.

पुतणी : मी सुट्टीवर असले तरी दुसरं कुणी करेल. पण पहिला दिवस आत्याच्या हातात आहे. आत्या, डांबरासारखी झाली की त्याच दिवशी अण्णांना सांगायचं. लाजायचं नाही.

आक्का : परसाकडचं काय रोज उठून भावाला सांगायचं?

अण्णा : मला नको सांगू. सुनेला सांग, ती मला सांगेल. आणि उठल्यावर अंधारी आली, छातीत धडधड झाली, घाम फुटला, तर कॅप्सूल-बिप्सूल काही नाही. सरळ १०८ ला फोन आणि बारामती. जोरात रक्त जात असेल तेव्हा सीटी अँजिओग्राफीत जागा दिसते आणि मग रेडिओलॉजीवाल्यांना ती आतून बंद करता येते. थेंबथेंब जाताना तो सीटी काहीच सांगत नाही.

पुतणी : हे तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत.

अण्णा : माझ्या पेशंटला मी हेच सांगत आलोय. लोक तपासणीचं नाव विचारतात, मी त्यांना निघायची वेळ सांगतो.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. पुतणीचं म्हणणं, काळ्या शौचाची वाट बघत बसायचं नाही, कॅप्सूल येत्या आठवड्यातच करायची. न सापडलं तर न सापडलं, निदान गाठ नाही हे तरी कळेल. अण्णांचं म्हणणं, रक्त थांबलेलं असताना कॅप्सूल घातली, ठिपके दिसले, तर डॉक्टरचा हात आवरत नाही. दुर्बीण, भूल, जाळणं, सगळं ओघानं येतं. झडप अरुंद असेल तर भूल देणंही सोपं नाही. म्हणून इको आधी, कॅप्सूल नंतर. पुतणीनं दोन्ही एकाच आठवड्यात बसवायचं कबूल केलं, पण आधी-नंतरची हमी काही दिली नाही. महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते विचारायचं काम आक्कांच्या मुलाकडं गेलं. तो तेव्हा तोडकऱ्यांच्या मागं रानात होता. संध्याकाळी त्याला फोनवर हे सगळं समजावताना अण्णांनी कॅप्सूलचं नाव दोनदा घेतलं, इकोचं सहादा.

निघताना पुतणी गाडीत बसली, काच खाली केली.

अण्णा : ठिपका दिसला तर जाळायच्या आधी मला फोन करायचा.

पुतणी : इकोचा रिपोर्ट त्याआधी माझ्या मोबाइलवर आला तर करते.